आयफोनवरील गेम स्ट्रीमिंग : आडवाटेने चालणाऱ्या सेवेचे परीक्षण

आयफोनवर एखादी मोठी गेम स्ट्रीमिंग सेवा सुरू करण्याचा गेल्या काही वर्षांत रूढ झालेला मार्ग असा आहे. प्रथम सफारी उघडायचा, त्यात सेवेचा पत्ता टाकायचा, खात्याचे नाव आणि पासवर्ड भरायचा, मग चौकोनातून वर निघालेल्या बाणाचे बटण दाबायचे, उघडलेल्या यादीत खाली सरकत जाऊन ते पान होम स्क्रीनवर जोडण्याचा पर्याय शोधायचा, आणि शेवटी सफारी बंद करून होम स्क्रीनवर नव्याने उमटलेल्या चिन्हावर बोट ठेवायचे. एवढे झाल्यावर अनेकदा खात्याचे नाव आणि पासवर्ड पुन्हा विचारला जातो, कारण सफारीतले पान आणि होम स्क्रीनवरचे पान यांची माहिती फोन वेगवेगळी साठवतो. ज्या फोनवर बाकी कोणतेही ॲप एका बटणाने उतरवून घेता येते, त्याच फोनवर या एका प्रकारच्या सेवेसाठी एवढा द्राविडी प्राणायाम का करावा लागतो, हे समजून घेतल्याशिवाय तिचे प्रामाणिक परीक्षण करता येणार नाही. म्हणून सेवा आणि तिच्यावरच्या अटी यांचा विचार मी येथे एकत्रच करत आहे.

गेली काही वर्षे मी दोन फोनवर या सेवा वापरते आहे. त्यातला एक आयफोन आहे आणि दुसरा अँड्रॉइडचा. दोन्हींना जोडायचा ब्लूटूथ कंट्रोलर एकच, घरातले वायफाय एकच, आणि बहुतेक वेळा खेळही तोच असतो; त्यामुळे अनुभवात फरक पडला, तर तो कशामुळे पडला, हे बऱ्यापैकी नेमकेपणाने सांगता येते. माझ्याकडे कन्सोल नाही, आणि भारी ग्राफिक्स कार्ड बसवलेला संगणकही नाही. शंभर जीबीच्या घरातला खेळ माझ्या फोनमध्ये मावणार नाही आणि मावला तरी चालणार नाही. तरीही तो खेळ मला खेळता येतो, याचे अप्रूप मला अजून वाटते. ज्यांच्या हातातला फोन हाच त्यांचा एकमेव संगणक आहे, अशा माणसांसाठी हे तंत्र किती मोलाचे आहे, हे मी स्वतः अनुभवले आहे आणि त्यामुळेच त्याच्या वाटेतल्या अडथळ्यांविषयी मला तटस्थ राहता येत नाही.

तंत्र मुळात साधे आहे. खेळ चालतो तो कंपनीच्या केंद्रातल्या सर्व्हरवर. तिथे तयार होणारे प्रत्येक चित्र लगोलग संकुचित होऊन व्हिडिओच्या रूपाने फोनकडे येते, आणि फोन ते उलगडून पडद्यावर दाखवतो. चित्रपट पाहताना फोनमधला जो भाग राबतो, तोच येथेही राबतो. उलट दिशेने जातात ती फक्त आपल्या बोटांची हालचाल आणि कंट्रोलरची बटणे. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची म्हटली, तर एका चित्राच्या वाट्याला साधारण १६.७ मिलिसेकंद येतात. त्यामुळे बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतच्या वेळेत नेटवर्कने चार-पाच चित्रांइतका उशीर केला, तरी बोटांना तो कळतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स क्लाउड गेमिंगने मोबाइलसाठी किमान १० एमबीपीएस वेग सांगितला आहे, तर एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊला १०८०पी दर्जासाठी २५ एमबीपीएस लागतो. सेकंदाला १० मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे साडेचार जीबी, आणि २५ म्हणजे तासाला अकरा जीबींहून थोडे अधिक, हा हिशोब मोबाइल डेटावर खेळू पाहणाऱ्याने आधीच करून ठेवलेला बरा.

चांगल्या वायफायवर, सर्व्हर फार लांब नसेल तर, हा अनुभव उत्तम आहे. कथेच्या, कोड्यांच्या, डावपेचांच्या किंवा सावकाश हिंडण्याच्या खेळांत आपण दूरच्या यंत्रावर खेळत आहोत, हे काही मिनिटांत विसरायला होते. मारामारीच्या आणि नेमबाजीच्या खेळांत मात्र ते विसरता येत नाही. तिथे शत्रू दिसल्यावर बटण दाबले जाते ते वेळेवर, पण गोळी सुटते ती किंचित मागून, आणि ही किंचितशी चुकामूक मनगटात साठत जाऊन अर्ध्या तासात वैताग आणते. मोठ्या पडद्यासाठी रचलेल्या खेळांतली अक्षरे फोनवर मुंगीएवढी दिसतात, हा दुसरा त्रास. काही खेळांना बोटांनी खेळण्याची बटणे पडद्यावर दिलेली असतात. एक्सबॉक्सच्या सेवेत २०२० साली माइनक्राफ्ट डंजन्सपासून ही सोय सुरू झाली. जिथे ती मन लावून केली आहे, तिथे कंट्रोलरची आठवण येत नाही. जिथे कन्सोलची बारा-पंधरा बटणे तशीच काचेवर उमटवली आहेत, तिथे अंगठ्यांखाली निम्मा खेळ झाकला जातो. हे सगळे गुणदोष दोन्ही फोनवर सारखेच आहेत. फरक सुरू होतो तो दुकानाच्या दारापाशी.

ॲपलच्या ॲप स्टोअरने या प्रकारच्या ॲपना अडवण्याची पहिली मोठी गाजलेली घटना २०१८ सालच्या मे महिन्यातली. व्हॉल्व्ह या कंपनीने स्टीम लिंक नावाचे ॲप जाहीर केले. घरातल्या संगणकावर चालणारा खेळ त्याच घरातल्या फोनवर दाखवायचा, एवढेच त्याचे काम. ॲपलने त्याला आधी मंजुरी दिली आणि काही दिवसांतच ती काढून घेतली. पुढे वर्षभराने, मे २०१९ मध्ये, ते ॲप एकदाचे दुकानात आले. त्याच वर्षी मार्चमध्ये प्लेस्टेशनचे रिमोट प्लेही आयफोनवर आले होते. नियमावलीतील ४.२.७ या कलमाने दूरच्या संगणकाचा पडदा फोनवर आणणाऱ्या ॲपना परवानगी दिली खरी, पण तो संगणक किंवा कन्सोल वापरणाऱ्याच्या मालकीचा असावा, अशी अट घातली, आणि क्लाउडवर चालणाऱ्या ॲपना केवळ पडदा पुरवणारी ॲप या दुकानासाठी योग्य नाहीत, असेही त्याच कलमात लिहून ठेवले.

या अटीवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. तोच खेळ, तोच व्हिडिओ, बोटांचे तेच इशारे. यंत्र माझ्या मालकीचे असेल तर चालेल, आणि महिन्याच्या वर्गणीवर वापरायला घेतलेले असेल तर चालणार नाही. फोनच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने या दोन्हींत मला तरी काही फरक दिसत नाही. उलट कंपनीच्या देखरेखीखालचा सर्व्हर माझ्या घरातल्या संगणकापेक्षा अधिक सुरक्षित असण्याची शक्यता जास्त. शॅडो या सेवेचे उदाहरण याहून बोलके आहे. ती खेळांची यादी देत नाही, अख्खा विंडोज संगणकच भाड्याने देते. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे ॲप दुकानातून काढण्यात आले, आणि आपण खेळांची सेवा देत नसून पूर्ण संगणक देतो, हे कंपनीने पटवून दिल्यावर साधारण आठवड्याभरात ते परत आले. त्या भाड्याच्या संगणकावर लोक मुख्यतः खेळच खेळतात, हे सर्वांनाच ठाऊक होते. म्हणजे यंत्र भाड्याचे असले तरी चालत होते; चालत नव्हती ती खेळांची यादी.

ती यादी घेऊन मायक्रोसॉफ्ट आली, तेव्हा या अटींची खरी कसोटी लागली. आज एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग म्हणून ओळखली जाणारी सेवा तेव्हा प्रोजेक्ट एक्सक्लाउड या नावाने चाचणीत होती. फेब्रुवारी २०२० मध्ये आयफोनवर तिची चाचणी ॲपलच्या टेस्टफ्लाइट व्यवस्थेतून सुरू झाली. सहभागी होऊ शकणारे जास्तीत जास्त १०,००० आणि खेळ एकच, हेलोची मास्टर चीफ कलेक्शन. अँड्रॉइडवर त्याच सुमारास डझनावारी खेळ तपासले जात होते. ऑगस्टमध्ये आयफोनवरची चाचणी गुंडाळली गेली, आणि दुकानातले प्रत्येक ॲप आम्ही तपासतो, म्हणून सेवेतला प्रत्येक खेळही स्वतंत्रपणे तपासणीला आला पाहिजे, ही ॲपलची भूमिका जाहीर झाली. ११ सप्टेंबर २०२० रोजी ती ४.९ या नव्या कलमात उतरली : खेळांची यादी दाखवणारे ॲप ठेवता येईल, पण त्या यादीतला प्रत्येक खेळ हे दुकानातले वेगळे ॲप असले पाहिजे. चार दिवसांनी, १५ सप्टेंबरला, मायक्रोसॉफ्टच्या गेम पास अल्टिमेट या योजनेच्या वर्गणीदारांसाठी ही सेवा २२ देशांत शंभरहून अधिक खेळांसह सुरू झाली, ती केवळ अँड्रॉइडवर.

वापरणाऱ्याच्या बाजूने या कलमाचा अर्थ काय झाला असता, याची कल्पना करून पाहावी. वर्गणी एक, सर्व्हर एक, खाते एक, पण फोनवर चिन्हे शंभर. आज नवा खेळ चाळून पाहायचा म्हटले की पुन्हा दुकानात जा, त्याचे ॲप उतरवा, पुन्हा खाते भरा. महिनाअखेरीस एखादा खेळ यादीतून निघाला की त्याचे निरुपयोगी ॲप फोनवर पडून राहणार. एका जागी बसून दहा खेळ उघडून पाहावेत आणि आवडेल त्यात रमावे, हेच या सेवांचे मोठे सुख आहे, आणि या कलमाने नेमके तेच हिरावून घेतले असते.

ॲपलचा युक्तिवाद मी उडवून लावत नाही. प्रत्येक खेळ स्वतंत्र ॲप असेल, तर पालकांना त्याची वयोमर्यादा दुकानातच दिसते, मुलाने कोणत्या खेळावर किती वेळ घालवला, हे फोनच्या स्क्रीन टाइम या वेळ मोजणाऱ्या सोयीत खेळागणिक कळते, आणि एखादा खेळ बंद ठेवून दुसरा चालू ठेवता येतो. एकाच ॲपमध्ये शंभर खेळ असले, की फोनच्या हिशोबात तो सगळा वेळ एकाच नावावर जमा होतो. लहान मुले असलेल्या घरात हा फरक खरा आहे, आणि स्ट्रीमिंग सेवांच्या स्वतःच्या पालक-नियंत्रणाची बटणे कुठे आहेत, हे शोधायला मलाही वेळ लागला आहे. परंतु चित्रपटांच्या आणि संगीताच्या ॲपमध्ये हजारो कृती असतात आणि त्यातली प्रत्येक कृती कोणी दुकानात वेगळी मागत नाही. खेळांना तर वयोगटाचे शिक्के कधीचेच आहेत. अमेरिकेत ईएसआरबी १९९४ पासून आणि युरोपात पेगी २००३ पासून हे काम करत आहे. चित्रपट नुसता पाहायचा असतो आणि खेळात आपण हस्तक्षेप करतो, हा भेद बरोबर आहे, पण तो हस्तक्षेप दूरच्या सर्व्हरवर होतो. फोनवर परका कोड चालतच नाही, आणि ॲपची तपासणी प्रामुख्याने ज्या धोक्यासाठी असते, तो धोका येथे फोनपर्यंत पोहोचत नाही.

घोडे पेंड खाते ते गल्ल्यापाशी. ॲप स्टोअरच्या नियमांनुसार बहुतेक देशांत ॲपमध्ये विकल्या जाणाऱ्या डिजिटल वस्तूंचे पैसे ॲपलच्या यंत्रणेतून घ्यावे लागतात, आणि त्यावरचा कंपनीचा वाटा साधारण ३० टक्के असतो. वर्गणी वर्षभर चालू राहिली तर पुढे तो १५ टक्के होतो. आता स्ट्रीमिंगमधल्या खेळाचा विचार करा. तो कन्सोलसाठी लिहिलेला असतो. त्याच्या आत पोशाख, नाणी, नवे टप्पे विकणारे छोटे दुकान असते, आणि ते कन्सोलच्या पैसे भरण्याच्या व्यवस्थेला जोडलेले असते. त्या प्रत्येक खेळात ॲपलची यंत्रणा बसवायची, तर खेळ बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीने केवळ आयफोनसाठी आपल्या कोडमध्ये बदल करायला हवा, जरी तो कोड आयफोनवर कधीच चालणार नसला तरी. हे काम कोणी हौसेने अंगावर घेणार नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ॲपलने आर्केड ही स्वतःची खेळांची वर्गणी सेवा सुरू केली होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. तिच्यातला प्रत्येक खेळ खरोखरच वेगळा उतरवावा लागतो, त्यामुळे ४.९ कलमाचा साचा तिला आपोआप बसत होता.

मुख्य दार बंद राहिल्यावर सेवांनी ब्राउझरची वाट धरली. अ‍ॅमेझॉनची लूना ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोनवर आली ती वेब ॲप म्हणूनच. नोव्हेंबरमध्ये जीफोर्स नाऊ आणि डिसेंबरमध्ये गूगलची स्टेडिया सफारीत चालू लागली. एक्सबॉक्सची सेवा एप्रिल २०२१ मध्ये निवडक लोकांसाठी आणि जूनअखेर सर्व अल्टिमेट वर्गणीदारांसाठी ब्राउझरमध्ये उघडली. अभियंत्यांनी हे ज्या चिकाटीने जमवले, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. कमी विलंबाचा व्हिडिओ आणि कंट्रोलरची ओळख या दोन्ही गोष्टी सफारीत नव्याने रुजत होत्या, आणि तेव्हा आयफोनवरच्या प्रत्येक ब्राउझरला ॲपलचेच वेबकिट इंजिन, म्हणजे वेबपाने उलगडून दाखवणारा गाभा, वापरणे बंधनकारक होते, म्हणजे एखादी सोय वेबकिटमध्ये नसेल, तर दुसरा ब्राउझर घेऊनही ती मिळण्याचा मार्ग नव्हता. युरोपीय संघात हे बंधन २०२४ मध्ये सैल झाले.

ब्राउझरमधून खेळताना काय उणे पडते, ते बारकाईने सांगते. पडद्याच्या कडेवरून बोट सरकवले, की ब्राउझरला तो मागच्या पानावर जाण्याचा इशारा वाटू शकतो. डाव्या अंगठ्याने पात्र धावत ठेवायचे असेल, तेव्हा ही कड सतत आठवणीत ठेवावी लागते. होम स्क्रीनवर जोडल्याशिवाय पान उघडले, तर पत्त्याची पट्टी खेळाच्या पडद्यातली जागा खाते. आणि सगळ्यांत मोठी अडचण अशी, की पान पार्श्वभूमीत गेले की ते जिवंत ठेवण्याची हमी फोन देत नाही.

या शेवटच्या अडचणीचा एक प्रसंग माझ्या लक्षात राहिला आहे. एका जवळच्या नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेनंतर मला दोन रात्री रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात काढाव्या लागल्या. झोप येत नव्हती आणि वाचनात मन लागत नव्हते. फोनला कंट्रोलर जोडून मी एक संथ खेळ उघडला, आणि घरी लॅपटॉपवर जिथे सोडला होता, नेमक्या त्याच दगडी पुलावर माझे पात्र उभे होते. त्या रात्री त्या पुलाने मला फार आधार दिला. पहाटे वॉर्डातून फोन आला, दोन-तीन मिनिटे बोलणे झाले, आणि परत आले तर पान कोरे होऊन नव्याने भरू लागले होते. सेवेने मला पुन्हा रांगेत उभे केले, आणि खेळ उघडला तो पाऊण तास मागच्या टप्प्यावर. त्या सेवेचे नाव मी घेत नाही. ब्राउझरमधल्या पानाला फोनकडून जेवढी मुदत मिळते, तेवढीच तिच्या हातात होती. मात्र पान निसटण्याचा धोका माहीत असताना रांगेतली जागा आणि खेळ पाच मिनिटे राखून ठेवणे सेवेला जमायला हवे, आणि ते न करणाऱ्या सेवेला मी एक गुण कमीच देईन.

अँड्रॉइडवर हीच सेवा ॲपच्या रूपात वापरताना फोन घेऊन परत यावे, तर बहुतेक वेळा खेळ थांबलेला आणि शाबूत सापडतो. कंट्रोलर जोडताच ओळखला जातो आणि कडेच्या इशाऱ्यांचा गोंधळ क्वचितच होतो. पण गूगलचे दुकान या बाबतीत अगदी निष्कलंक आहे, असे मी म्हणणार नाही. स्ट्रीमिंगला तिथे मज्जाव नव्हता, तरी पैशाच्या वाट्याचा प्रश्न तिथेही होता. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने ॲपच्या आत खरेदी करता येणारी आवृत्ती सॅमसंगच्या गॅलॅक्सी स्टोअरवर ठेवली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने गूगलविरुद्ध आदेश दिल्यावर तिथल्या अँड्रॉइडवरच्या एक्सबॉक्स ॲपमधूनच खेळ विकण्याचा बेत जाहीर केला, तो पुढे त्या आदेशाला मिळालेल्या स्थगितीमुळे लांबला. म्हणजे अँड्रॉइडवर दार उघडे होते, गल्ल्याचा वाद तेवढा उरला होता.

ब्राउझरच्या वाटेने केलेली एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. एपिक गेम्सने ॲपलची पैसे भरण्याची यंत्रणा टाळल्यामुळे फोर्टनाइट हा खेळ १३ ऑगस्ट २०२० रोजी ॲप स्टोअरमधून काढला गेला होता. त्यावरून एपिकने ॲपलविरुद्ध भरलेल्या खटल्यात मे २०२१ मध्ये साक्षी झाल्या, त्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स विभागातील लोरी राइट यांनी स्ट्रीमिंगवरच्या याच अटींबद्दल साक्ष दिली. निकाल सप्टेंबर २०२१ मध्ये लागला, तो बहुतांशी ॲपलच्या बाजूने, आणि फोर्टनाइट दुकानाबाहेरच राहिला. तरीही जानेवारी २०२२ मध्ये जीफोर्स नाऊने तो मर्यादित चाचणीत, आणि मे महिन्यात एक्सबॉक्सने वर्गणीशिवाय, सफारीमधून आयफोनवर परत आणला. दुकानातून घालवलेला खेळ त्याच फोनवर, त्याच बोटांनी, लोक खेळू लागले. अमेरिकेतल्या ॲप स्टोअरमध्ये तो परतला २०२५ च्या मे महिन्यात. ब्राउझर ही वाट कितीही गैरसोयीची असली, तरी ती कोणाच्या मंजुरीवर अवलंबून नाही, हे त्या तीन वर्षांत सिद्ध झाले.

नाक दाबल्यावर तोंड उघडते, तसे पुढे घडले. ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मोबाइल परिसंस्थेवरचा अहवाल दिला आणि नोव्हेंबरात ब्राउझर व क्लाउड गेमिंग यांची स्वतंत्र चौकशी सुरू केली. युरोपीय संघाचा डिजिटल मार्केट्स कायदा मार्च २०२४ पासून ॲपलवर लागू होणार होता. त्या पार्श्वभूमीवर २५ जानेवारी २०२४ रोजी ॲपलने जाहीर केले, की यापुढे खेळांची अख्खी यादी असलेले एकच स्ट्रीमिंग ॲप जगभरच्या ॲप स्टोअरमध्ये ठेवता येईल. साडेतीन वर्षांपूर्वी ज्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक खेळाचे वेगळे ॲप अत्यावश्यक ठरवले होते, ती सुरक्षितता आता खेळांची सूची, प्रत्येक खेळाचा दुवा आणि ॲपची वयोमर्यादा एवढ्यावर भागली. हे आधीही भागले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ॲपमधल्या खरेदीचे नियम या बदलात तसेच राहिले, आणि मायक्रोसॉफ्टने ब्रिटिश प्राधिकरणापुढे तेवढ्याचसाठी हा बदल अपुरा असल्याचे सांगितले. प्राधिकरणाने मार्च २०२५ च्या अंतिम अहवालात क्लाउड गेमिंगचा मुद्दा या बदलानंतर निकाली धरला आणि टीकेचा रोख ब्राउझरकडे वळवला. या निष्कर्षाशी मी सहमत नाही, कारण दार उघडून आत गल्ला तसाच मांडून ठेवला, तर मोठ्या सेवा आत येण्याची घाई करत नाहीत, आणि तेच दिसले.

आत आलेल्यांत अँटस्ट्रीम आर्केड ही सेवा आहे. जून २०२४ मध्ये ती ॲप स्टोअरमध्ये आली. हजाराहून अधिक जुने खेळ, म्हणजे आर्केडच्या पेट्यांपासून आठ बिटांच्या घरगुती संगणकांपर्यंतचे, ती सर्व्हरवरून दाखवते. हे खेळ लहान आहेत, त्यांत आतली दुकाने नाहीत, त्यामुळे गल्ल्याचा तिढा फक्त वर्गणीपुरता उरतो. ॲप उतरवले, खाते उघडले आणि दोन मिनिटांत खेळ सुरू झाला. मागे जाण्याच्या इशाऱ्याची धास्ती नाही, पुन्हा पासवर्ड नाही. जुन्या खेळांची मोजकी बटणे काचेवर छान बसतात आणि त्यांची ठसठशीत अक्षरे फोनवर वाचताही येतात. मोठ्या सेवा आयफोनवर ॲपच्या रूपाने आल्या, तर त्या कशा वाटतील, याची कल्पना येण्यासाठी तरी हे ॲप वापरून पाहावे. यादी मात्र जुन्याच खेळांची आहे. नव्या, भव्य खेळांच्या अपेक्षेने गेल्यास निराशा होईल.

पैसे घालायचे की नाही, हा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर असे. अँड्रॉइड फोन आणि स्थिर वायफाय असेल, आणि आवड कथेच्या किंवा डावपेचांच्या खेळांची असेल, तर ही सेवा निःशंकपणे घ्यावी. आयफोन असेल, तरीही घ्यावी, पण ती ब्राउझरमधली सेवा आहे, हे समजून घ्यावी : कंट्रोलर वापरावा, म्हणजे पडद्याच्या कडांशी झटापट होत नाही, पान होम स्क्रीनवर जोडूनच खेळावे, आणि खेळ आपोआप जतन करतो की हाताने करावा लागतो, हे पहिल्याच दिवशी तपासावे. वर्गणी शक्यतो फोनमधून न भरता कंपनीच्या संकेतस्थळावरून भरावी, कारण दुकानाच्या वाट्यामुळे काही सेवांची किंमत फोनमध्ये जास्त असते. लहान मुलांच्या हाती द्यायचे असेल, तर फोनच्या वेळमर्यादेवर विसंबून राहू नये, सेवेच्या खात्यात मुलाचे वेगळे प्रोफाइल काढून तिथे वयोगट बंद करावा. वर्षाचे पैसे सुरुवातीलाच भरू नयेत. स्टेडियासारखी मोठ्या कंपनीची सेवा १८ जानेवारी २०२३ रोजी बंद पडली, तेव्हा खेळांचे पैसे परत मिळाले, हे त्या वापरकर्त्यांचे भाग्य. एक महिन्याची वर्गणी घ्यावी, ज्या खोलीत आणि ज्या वेळी प्रत्यक्ष खेळणार, तिथेच आणि तेव्हाच ती तपासावी, आणि मधेच मुद्दाम स्वतःला एक फोन करवून घेऊन खेळ परत मिळतो का, ते पाहावे.